प्राइम तिकीट : एका क्रीडावाहिनीचा चाळीस वर्षांचा हिशेब

लॉस एंजेलिसमधल्या संस्थांचे इतिहास स्मरणिकेत द्यायचे म्हटल्यावर विद्यापीठे, संग्रहालये आणि सिनेमाचे स्टुडिओ यांची नावे आपोआप पुढे येतात. त्यांच्या पंक्तीला टीव्हीवरची एक क्रीडावाहिनी कशाला, असे कुणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. पण १९८०च्या दशकात इथे येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांत बास्केटबॉलचे नियम पोरांनी आईबापांना समजावून दिले, ते बहुतेक याच वाहिनीसमोर बसून. शिवाय या शहराचा पैसा कसा वाहतो आणि कुठे आटतो हे जितके तिच्या हिशेबवहीत दिसते, तितके संग्रहालयाच्या अहवालात दिसत नाही.

‘प्राइम तिकीट’ ऑक्टोबर १९८५मध्ये सुरू झाली. तिचे भांडवल म्हणजे मुख्यतः दोन संघ : बास्केटबॉलचा लेकर्स आणि आइस हॉकीचा किंग्ज. दोन्ही संघांचे मालक जेरी बस. हे दोन्ही संघ इंगलवुडमधल्या ज्या ‘फोरम’मध्ये खेळत, त्याचेही मालक तेच. मूळचे रसायनशास्त्रज्ञ. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेले, पण पैसा केला तो घरे आणि जमिनी घेण्या-विकण्यात. १९७९ साली त्यांनी जॅक केंट कुक यांच्याकडून लेकर्स, किंग्ज, फोरम आणि वर एक रँच असा सगळा बाडबिस्तरा ६ कोटी ७५ लाख डॉलरना घेतला होता. वाहिनीतले त्यांचे भागीदार बिल डॅनियल्स हे केबलच्या धंद्यातले आद्यपुरुष. नौदलात वैमानिक होते. १९५२ साली डेन्व्हरमधल्या एका बारमध्ये त्यांनी टीव्हीवर मुष्टियुद्ध पाहिले आणि ते चित्र डोंगरापलीकडच्या गावांत कसे न्यावे या विचाराने त्यांना पछाडले. वायोमिंगमधल्या कॅस्पर गावात त्यांनी केबल आणली. योगायोग असा की बस यांचे लहानपणही वायोमिंगमध्येच गेले, केमरर नावाच्या छोट्या गावात.

या जोडीने काय ओळखले, ते समजायला त्या वेळची रीत माहीत हवी. संघ परगावी खेळायला गेला की तो सामना साध्या ॲन्टेनावर, नऊ नंबरच्या वाहिनीवर फुकट दिसे. घरचा सामना मात्र फुकट दाखवायचा नाही, कारण घरबसल्या दिसला तर तिकीट काढून फोरममध्ये कोण येणार? त्याआधी काही वर्षे ‘ऑन टीव्ही’ नावाची सेवा चित्र विस्कटून पाठवी आणि पैसे भरणाऱ्याला ते सरळ करणारा डबा देई. शहरात केबल पसरू लागल्यावर डब्याची गरज उरली नाही. बस आणि डॅनियल्स यांनी घरचे सामने केबलवर आणले. फोरममध्ये खुर्च्या साडेसतरा हजारांच्या आसपास. केबलच्या खुर्च्यांना मोजदाद नाही. आणि गंमत म्हणजे सामने टीव्हीवर दिसू लागल्याने फोरम काही ओस पडला नाही, कारण तिथे हॉलिवुडचे तारे पहिल्या रांगेत बसतात हे आता सगळ्या शहराला रोज दिसू लागले होते.

मुहूर्त तर असा लागला की ज्योतिषालाही साधला नसता. जून १९८५मध्ये लेकर्सने बॉस्टन सेल्टिक्सला हरवून अजिंक्यपद मिळवले होते आणि चार महिन्यांत वाहिनी सुरू झाली. मॅजिक जॉन्सन ऐन भरात, करीम अब्दुल-जब्बार अजून खेळत होता, बाकावर प्रशिक्षक पॅट रायली. १९८७ आणि १९८८ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे पुढे आली. समालोचक होते चिक हर्न. टीव्ही आणि रेडिओ या दोन्हींवर ते एकाच वेळी बोलत, त्यामुळे त्यांचे बोलणे रेडिओच्या श्रोत्याला चित्र दिसावे इतके नेमके असे. टीव्हीसमोर बसलेल्याला खरे तर एवढ्या तपशिलाची गरज नव्हती, पण खेळ नवा असलेल्या माणसाला त्याचाच फायदा झाला. चेंडू कुणाकडे आहे, कोण कुठून धावतो आहे, हे सारे कानाला आणि डोळ्याला एकदमच कळे. बास्केटबॉल पाहायला शिकवणारा याहून चांगला मास्तर आमच्या पिढीला मिळाला नसता. १९६५पासून २००१पर्यंत सलग ३,३३८ सामन्यांचे समालोचन त्यांनी एकही न चुकवता केले. ही संख्या मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला त्यांच्या घशाची काळजी वाटते.

हॉकीची कथा वेगळी. उन्हात पामची झाडे डोलणाऱ्या शहरात बर्फावरचा खेळ कोण बघणार, अशीच किंग्जची पहिली वीस वर्षे गेली. ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटनहून हॉकीचा गाजलेला खेळाडू वेन ग्रेट्झ्की आला. कॅनडात तो राष्ट्रीय शोकाचा दिवस मानला गेला. इथे हॉकीची तिकिटे मिळेनाशी झाली. वाहिनीचा हिवाळा त्याने भरून काढला. १९९३ साली किंग्ज स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीपर्यंत पोचले.

सामना जेमतेम अडीच तासांचा. उरलेले तास भरायचे कसे, हा अशा प्रत्येक वाहिनीपुढचा पेच असतो. प्राइम तिकीटने तो इथल्या समुद्रकिनाऱ्यावरून सोडवला. वाळूतला व्हॉलीबॉल, फोरममधली मुष्टियुद्धे, यूएससी आणि यूसीएलए या दोन विद्यापीठांचे सामने, टेनिस. यातले बरेच खेळ राष्ट्रीय वाहिन्यांनी हातही लावला नसता असे. पण ती गावची वाहिनी होती, गावात जे खेळले जाई ते ती दाखवी. १९९३मध्ये तिने स्पॅनिश भाषकांसाठी ‘ला कादेना देपोर्तिवा’ ही भावंडवाहिनी काढली. आजची ‘फॉक्स देपोर्तेस’ ती हीच. या शहरात कोण राहते हे ओळखण्यात ती अनेक मोठ्या वर्तमानपत्रांच्या पुढे होती, असे माझे मत आहे.

आता पैशाकडे वळू, कारण पुढचे सारे रामायण त्यातूनच घडले. जाहिराती होत्या, पण पोट भरत होते ते दुसऱ्याच वाटेने. केबल कंपनी प्रत्येक ग्राहकामागे वाहिनीला दरमहा ठरावीक रक्कम देई आणि ती ग्राहकाच्या बिलात मिसळून टाकी. चाळीतल्या गणपतीची वर्गणी जशी आरतीला येणाराही देतो आणि न येणाराही, तसेच हे. ज्या आजीबाई फक्त स्वयंपाकाचे कार्यक्रम पाहत, त्यांच्या बिलातूनही दरमहा काही रक्कम लेकर्सकडे जात होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. सामना पाहणारी घरे थोडी, पैसे देणारी घरे सगळी. प्रादेशिक क्रीडावाहिन्यांचा अमेरिकेतला सगळा डोलारा या एका सोयीवर उभा राहिला. संघांना वाटले आपल्या खेळाची किंमत वाढते आहे. वाहिन्यांनाही तसेच वाटले. खरे म्हणजे ती किंमत न पाहणाऱ्यांच्या बेसावधपणाची होती.

डॅनियल्स यांनी केबल कंपनी टीसीआयच्या साथीने डेन्व्हरहून ‘प्राइम’ नावाचे देशभराचे जाळे विणायला घेतले होते. निरनिराळ्या प्रदेशांतल्या वाहिन्या एकमेकींना कार्यक्रम पुरवू लागल्या. या जाळ्याचा एक धागा थेट आपल्या घरापर्यंत येतो. १९९१ साली हाँगकाँगच्या स्टार टीव्हीने या प्राइमशी भागीदारी करून आशियासाठी ‘प्राइम स्पोर्ट्स’ काढली. मुंबई-पुण्यात गच्चीवर डिश लावून केबलवाल्याने घरोघर पोचवलेल्या पहिल्या परदेशी वाहिन्यांतली ही एक. तिचेच पुढे स्टार स्पोर्ट्स झाले. सुट्टीत भारतात गेलेल्या इथल्या मुलांना आजीच्या टीव्हीवर ओळखीचे नाव दिसले, ते यामुळे.

१९९४मध्ये डॅनियल्स यांनी प्राइम तिकीट ‘लिबर्टी मीडिया’ला विकली. नाव झाले ‘प्राइम स्पोर्ट्स वेस्ट’. लगेच पुढच्या वर्षी फॉक्सचे मालक रूपर्ट मरडॉक यांनी लिबर्टीशी भागीदारी जाहीर केली आणि १ नोव्हेंबर १९९६पासून पाटी बदलून ‘फॉक्स स्पोर्ट्स वेस्ट’ झाली. मरडॉक यांना ईएसपीएनशी टक्कर द्यायची होती. गावोगावच्या वाहिन्या एका सूत्रात ओवल्या, संध्याकाळी सगळीकडे एकच बातमीपत्र दाखवले, गप्पांचे कार्यक्रम राष्ट्रीय केले की ईएसपीएनला पर्याय उभा राहील, असा त्यांचा होरा. कीथ ओल्बरमन यांच्यासारखा ईएसपीएनचा गाजलेला निवेदकही त्यांनी आणला. ते काही जमले नाही. माणूस गावच्या वाहिनीवर गावचा संघ पाहायला येतो आणि संघ खेळून झाला की निघून जातो.

लॉस एंजेलिसमध्ये मात्र मरडॉक यांनी खेळी नामी केली. त्या वेळी एंजल्स हा बेसबॉल संघ आणि डक्स हा हॉकी संघ डिस्नेच्या ताब्यात होता आणि डिस्ने इथे ‘ईएसपीएन वेस्ट’ नावाची स्वतःची वाहिनी काढायच्या बेतात होती. फॉक्सने जानेवारी १९९७मध्ये दुसरी वाहिनी सुरू केली आणि मार्च १९९८मध्ये ओ’मॅली घराण्याकडून डॉजर्स हा संघच ३१ कोटी १० लाख डॉलरना विकत घेतला. डिस्नेने बेत गुंडाळला. एका वाहिनीच्या रक्षणासाठी एवढा जुना बेसबॉल संघ घ्यायचा, हे आज वाचताना अचाट वाटते. पण हिशेबात ते बसत होते : संघ चालवण्यात तोटा झाला तरी वर्गणी चालू राहत होती. काम झाल्यावर २००४ साली फॉक्सने संघ फ्रँक मॅककोर्ट यांना विकूनही टाकला. २००६मध्ये दुसऱ्या वाहिनीला ‘प्राइम तिकीट’ हे जुने नाव मिळाले. म्हणजे थोरलीचे नाव धाकटीला. जुने प्रेक्षक त्यामुळे शेवटपर्यंत गोंधळत राहिले.

उतरण कधी लागली? पुष्कळजण २०२३ हे दिवाळखोरीचे साल सांगतात. माझ्या मते फेब्रुवारी २०११. त्या महिन्यात लेकर्सने टाइम वॉर्नर केबलशी २० वर्षांचा करार केला. त्याची किंमत तीन अब्ज डॉलर होती की चार, यावर तेव्हा बातम्यांत चर्चा होत होती. २०१२च्या मोसमापासून लेकर्स नव्या वाहिनीवर गेले. ज्या संघासाठी वाहिनी जन्मली, तोच घर सोडून गेला. घाबरलेल्या फॉक्सने डिसेंबर २०११मध्ये एंजल्सशी २० वर्षांचा, सुमारे तीन अब्जांचा करार केला, वाहिनीत हिस्साही देऊ केला. त्याच आठवड्यात एंजल्सने अल्बर्ट पुहोल्सला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलरना घेतले. वर्गणीतला पैसा खेळाडूच्या खिशात कसा पोचतो, याचा याहून लख्ख नमुना शोधून सापडणार नाही.

डॉजर्सचे प्रकरण आणखी रंगले. मॅककोर्ट यांनी फॉक्सशी केलेला टीव्हीचा करार बेसबॉलचे आयुक्त बड सेलिग यांनी जून २०११मध्ये फेटाळला आणि काही दिवसांतच संघाने दिवाळखोरी जाहीर केली. २०१२मध्ये गुगेनहाइम या गुंतवणूक कंपनीच्या मंडळींनी तो दोन अब्जांहून जास्त मोजून घेतला. मालकांत एक नाव मॅजिक जॉन्सन यांचे. प्राइम तिकीट ज्याच्या जोरावर उभी राहिली, तोच खेळाडू आता मालकांच्या बाजूला बसला होता. या नव्या मालकांनी टाइम वॉर्नरशी २५ वर्षांचा ८.३५ अब्ज डॉलरचा करार केला आणि फेब्रुवारी २०१४मध्ये ‘स्पोर्ट्सनेट एलए’ सुरू झाली. दर ग्राहकामागे दरमहा चार डॉलरांहून अधिक मागणी. डायरेक्टटीव्ही या उपग्रहसेवेने आणि इतरांनी नकार दिला.  शहरातल्या सुमारे ७० टक्के घरांत डॉजर्स दिसेनासे झाले. १९५०पासून या संघाचे समालोचन करणारे व्हिन स्कली २०१६मध्ये निवृत्त झाले. त्यांचे शेवटचे तीन मोसम त्यांच्याच गावाला धड ऐकता-पाहता आले नाहीत. याची चीड इथल्या जुन्या माणसांच्या मनातून अजून गेलेली नाही. डायरेक्टटीव्हीने अखेर होकार दिला तो एप्रिल २०२०मध्ये, करोनामुळे मैदाने बंद असताना.

तोवर वर्गणीदारच उठून जाऊ लागले होते. २०१०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत पैसे भरून टीव्ही पाहणारी घरे सुमारे दहा कोटी होती. नेटफ्लिक्स आले, तरुण पोरांनी केबल घेतलीच नाही, आजीबाईंनी बिल नीट वाचले. आपल्या लोकांपैकी अनेकांकडे हिंदी-मराठी वाहिन्यांसाठी आणि क्रिकेटसाठी डिश नेटवर्क असे. जुलै २०१९मध्ये डिशने या सगळ्या प्रादेशिक क्रीडावाहिन्या काढून टाकल्या. क्रिकेट राहिले, किंग्ज आणि शहराचा दुसरा बास्केटबॉल संघ क्लिपर्स गेले. आणि खरे सांगायचे तर आपल्यातल्या बऱ्याच घरांच्या ते लक्षातही आले नाही. वाहिनीसाठी याहून वाईट बातमी कुठली?

मरडॉक यांना वारा आधीच कळला होता. त्यांनी मनोरंजनाचा सारा पसारा ७१.३ अब्ज डॉलरना डिस्नेला विकायचा ठरवला. त्यात या २२ प्रादेशिक वाहिन्याही होत्या आणि भारतातली स्टारही. अमेरिकेच्या न्याय खात्याने अट घातली : ईएसपीएन ज्याची, त्याला या २२ ठेवता येणार नाहीत. मार्च २०१९मध्ये व्यवहार पुरा झाला. न्यूयॉर्कची यांकीजची वाहिनी वेगळी विकली गेली, त्या खरेदीत ॲमेझॉनही होते. उरलेल्या २१ मेरीलंडच्या सिंक्लेअर कंपनीने ९.६ अब्ज डॉलरना घेतल्या. स्टार मात्र तेव्हा डिस्नेकडे राहिली. प्राइमच्या भागीदारीतून आशियात निघालेली फांदी मोठ्या झाडाला लागून राहिली आणि मूळ खोड बाजारात उभे केले गेले.

सिंक्लेअरने या खरेदीसाठी ‘डायमंड स्पोर्ट्स ग्रुप’ ही उपकंपनी काढली आणि तिच्या डोक्यावर आठ अब्ज डॉलरच्या आसपास कर्ज ठेवले. दोन बाजूंनी करवत अशी : संघांना द्यायची रक्कम करारानुसार वर्षागणिक वाढणार, वर्गणीदार वर्षागणिक घटणार. सात महिन्यांत करोना आला. मैदाने ओस, पडद्यावर जुने सामने. त्याच वर्षी यूट्यूब टीव्ही आणि हुलू यांनीही या वाहिन्या सोडल्या. खरेदीला सव्वा वर्ष झाले नाही तोच सिंक्लेअरने आपल्याच हिशेबवहीत त्यांची किंमत चार अब्जांहून जास्त खाली आणली.

मग नाव विकायला काढले. बॅलीज या कॅसिनो कंपनीने दहा वर्षांसाठी सुमारे साडेआठ कोटी डॉलर कबूल केले आणि ३१ मार्च २०२१पासून सगळीकडे ‘बॅली स्पोर्ट्स’ झाले. ‘प्राइम तिकीट’ हे नाव त्या दिवशी पुसले गेले ते कायमचे. धाकटी वाहिनी ‘बॅली स्पोर्ट्स सोकॅल’ झाली. खेळांवर पैजा लावायला बहुतेक राज्यांत मुभा मिळत चालली होती, त्यावर ही मदार. कॅलिफोर्नियात मात्र ती मुभा नव्हतीच. नोव्हेंबर २०२२मध्ये मतदारांनी तशा दोन्ही प्रस्तावांना सपाटून नकार दिला. म्हणजे या शहराची क्रीडावाहिनी अशा धंद्याचे नाव मिरवत होती, जो या शहरात करणे बेकायदेशीर होते. सप्टेंबर २०२२मध्ये थेट ग्राहकाला दरमहा १९.९९ डॉलरना सेवा विकायला सुरुवात झाली. पूर्वी न पाहणारा नकळत देत होता, आता पाहणाऱ्याकडूनच सगळे वसूल करायचे होते. ते कसे पुरणार?

१४ मार्च २०२३ रोजी डायमंडने ह्यूस्टनच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या दिवशी तिच्याकडे ४२ संघांचे हक्क होते : बेसबॉलचे १४, बास्केटबॉलचे १६, हॉकीचे १२. मे महिन्यात सॅन दिएगोच्या पाद्रेज संघाचे पैसे थकले आणि बेसबॉल लीगने एका रात्रीत त्यांचे प्रक्षेपण स्वतःकडे घेतले. तीच समालोचक मंडळी, तोच संघ, फक्त वाहिनी वजा. प्रेक्षकाला फारसा फरक जाणवला नाही, आणि मला वाटते संघमालकांनी याचीच नोंद सगळ्यात बारकाईने घेतली. ऑक्टोबर २०२४मध्ये बॅलीजची पाटी उतरून फॅनड्यूल या पैजांच्याच कंपनीची लागली. २ जानेवारी २०२५ रोजी कंपनी बहुतांश कर्ज झटकून दिवाळखोरीतून बाहेर आली ती ‘मेन स्ट्रीट स्पोर्ट्स ग्रुप’ या नव्या नावाने.

दिवाळखोरीच्या त्या पावणेदोन वर्षांत डक्स संघाने इथली वाहिनी सोडली. २०२४-२५च्या मोसमापासून त्यांचे सामने इंटरनेटवर ‘व्हिक्टरी प्लस’वर फुकट आणि साध्या ॲन्टेनावर केसीओपी या १३ नंबरच्या वाहिनीवरही फुकट दिसू लागले. त्या मोसमात लॉस एंजेलिसच्या शौकिनाला लेकर्स आणि डॉजर्ससाठी स्पेक्ट्रमच्या (म्हणजे पूर्वीच्या टाइम वॉर्नर केबलच्या) वाहिन्या घ्याव्या लागत होत्या, किंग्ज, क्लिपर्स आणि एंजल्ससाठी फॅनड्यूल, फुटबॉलच्या गॅलक्सीसाठी ॲपल, आणि डक्ससाठी खिडकीत एक ॲन्टेना. त्या १३ नंबरच्या वाहिनीचे मालक फॉक्स, म्हणजे रूपर्ट मरडॉक यांचेच कुटुंब, ज्यांनी २२ क्रीडावाहिन्या वेळेवर डिस्नेच्या गळ्यात घातल्या होत्या.